टेक (इंग्रजी क्रियापद) : चिनी भाषकांच्या अडचणी

इंग्रजीतले रोजच्या वापरातले क्रियापद. रूपे टेक, टुक, टेकन. चिनी विद्यार्थी त्याचा पहिला अर्थ शिकतो तो बहुधा ‘ना’, म्हणजे हाताने धरणे, उचलणे. या चिनी अक्षरात वर ‘जुळणे’ आणि खाली ‘हात’ असतो. छत्री किंवा किल्ली उचलण्यापुरते हे ठीक. पुढे गाडी अडते, कारण ‘टेक’चा अर्थ बराचसा त्याच्या कर्मावरून ठरतो आणि चिनीत त्या प्रत्येक कामाला वेगळे क्रियापद आहे.

बसने जाण्याला चिनीत ‘बसणे’, ताप बघण्याला ‘मोजणे’. औषध ‘खातात’, काढा असेल तर ‘पितात’. म्हणून ‘ईट मेडिसिन’ ही चूक हमखास होते. परीक्षेत ‘भाग घेतात’, त्यामुळे ‘जॉइन द एक्झाम’ ऐकू येते. (मराठी माणूस इथेच ‘गिव्ह द एक्झाम’ म्हणून फसतो.)

‘टेक’ आणि ‘ब्रिंग’ यांचा घोळ वेगळ्या जातीचा. चिनीत ‘दाई’ हे एकच क्रियापद. त्याला ‘लाई’ (येणे) जोडले की आणणे, ‘छ्यू’ (जाणे) जोडले की नेणे. मराठीतले ‘घेऊन ये’ आणि ‘घेऊन जा’ असेच चालते. इंग्रजीत मात्र दिशा क्रियापदाच्या पोटातच असल्याने आधी क्रियापद निवडावे लागते.

सर्वांत जास्त घाम काढतो तो वेळ. वेळ आणि पैसा दोन्ही खर्चायला चिनीत ‘ह्वा’ चालते. इंग्रजीत त्याच जागी स्पेंड, टेक, कॉस्ट, पे अशी चौकडी उभी राहते. स्पेंडचा आणि पेचा कर्ता माणूस, कॉस्टचा वस्तू, तर टेकचा बहुधा ‘इट’: ‘इट टुक मी टू अवर्स टु फिनिश’. कर्त्यांची अदलाबदल झाली की ‘इट स्पेंट मी टू अवर्स’ असे वाक्य तयार होते. चिनी शाळांत या चौघांचा फरक घोटून घेतात, तो उगाच नव्हे.

‘टेक ऑफ’ म्हणजे कपडे उतरवणे आणि विमानाने उडणेही. पहिल्या अर्थी कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच येते: ‘टेक इट ऑफ’, ‘टेक ऑफ इट’ चूक.

उच्चाराचीही अडचण आहे. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, शब्दावयव ‘क’ने संपत नाही. त्यामुळे शेवटचा ‘क’ गळतो, नाहीतर त्याला स्वर चिकटून ‘टेक-अ’ होते. दक्षिणेकडच्या कँटनीज या चिनी बोलीत अंत्य ‘क’ आहे, पण तो तोंडातच अडवला जातो. तिथल्या विद्यार्थ्याला तो फक्त मोकळा करून ऐकू येईल असा उच्चारायला शिकवावे लागते.

वहीत ‘टेक = ना’ असे लिहून ठेवणे हे बहुतेक चुकांचे मूळ. त्याऐवजी ‘टेक अ बस’, ‘टेक मेडिसिन’ असे कर्मासकट जोडशब्द लिहावेत आणि प्रत्येकासमोर त्याचे खरे चिनी क्रियापद. एका बैठकीत पाच-सहा पुरेत. ‘टेक ऑफ’, ‘टेक अप’, ‘टेक ओव्हर’ एकाच दिवशी दिले की तिन्हींची खिचडी होते.