पाऊस उघडला, मग पाणी का चढतंय?

पाऊस थांबलाय, चक्क ऊन पडलंय, तरी कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी चढतीच आहे, असं का? ऑनलाईन तासाला नववीच्या पोरांना एवढंच विचारलं, धडा नाही की पीपीटी नाही. निम्मे कॅमेरे बंद, त्यामुळं आधी सगळी चिडीचूप, मग एक पोरगी म्हणाली सर राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले असतील, तोवर दुसऱ्यानं चॅटमध्ये टाकलं की गगनबावड्याकडचं पाणी इथवर यायला टाईम लागतोय, आणि मग चॅट जो सुटला. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाबी पाठ असतंय, त्यामुळं बोलायला कोण लाजत नाही.

ह्याला प्रॉब्लेम बेस्ड लर्निंग म्हणतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात १९६९ ला सुरू झालं. आधी पुस्तकं घोका आणि पेशंट नंतर, हा क्रमच त्यांनी उलटा केला, म्हणजे छोट्या गटापुढं आधी केस ठेवायची आणि आपल्याला काय येत नाही ते पोरांनीच हुडकायचं. अंदाज चुकला तरी चालतंय, कारण आधीचं जे ठाऊक आहे ते डोक्यात जागं होतं आणि नव्या माहितीला अडकायला खुंटी मिळते.

पुढं नेदरलँड्सच्या मास्ट्रिक्टमध्ये ह्याच्या सात पायऱ्या बसवल्या. पहिल्या पाच गटात बसून, सहावी एकट्यानं अभ्यास, सातवीला परत एकत्र. ऑनलाईनला हे बरोबर बसतं बघा, दोन लाईव्ह तास आणि मधले तीन-चार दिवस ज्याचे त्याला. गट मात्र पाच-सहाचाच, चाळीस जणांत बोलणारे तेच दोघं असतात.

पण हे सगळ्यावर औषध नाही. एका वेळी डोक्यात मावतंच थोडं, आणि पाया कच्चा असलेल्याला नुसतं सोडून दिलं तर तो भिरभिरतो, हा मुद्दा कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क ह्या शिक्षण-मानसशास्त्रातल्या अभ्यासकांनी २००६ मध्ये जोरात मांडला आणि मला तो पटतो. म्हणून मी नद्यांचा नकाशा आधीच देतो. आणि "पूर का येतो" असं तर विचारूच नये, गुगलवरून चार ओळी चिकटवून पोरं मोकळी.

दुसऱ्या तासाला एका गटानं सांगितलं की नरसोबावाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथं कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबतं. लगेच एकानं माईक चालू केला, "सर, मग २०१९ ला आमच्या घरात आलेलं पाणी वरनं आलं की खालनं?"

मी उत्तर दिलं नाही. तो गट आता त्याच्यावरच बसलाय.