साठ वॅटचा बल्ब आणि साठ वर्षांचा अ‍ॅम्प

मित्राने अमेरिकेहून येताना १९६६ चा फेंडर चॅम्प आणला, गिटारचा छोटा व्हॉल्व्हवाला (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या तापणाऱ्या नळ्यांचा) अ‍ॅम्प, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारतो, "लावून बघू का?" म्हटलं थांब बाबा. एक तर तो ११७ व्होल्टचा, आपल्याकडे २३०, व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागणारच. पण खरी भीती वेगळीच.

भीती आतल्या, वीज साठवून ठेवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरची, आपले जुने रेडिओवाले ज्याला कंडेन्सर म्हणायचे. त्यात अ‍ॅल्युमिनियमची गुंडाळलेली पट्टी, कागदात मुरलेलं ओलसर रसायन, आणि पट्टीवर ऑक्साइडचा थर, जेमतेम मायक्रॉनभर (आपला केस सत्तरेक मायक्रॉन असतो). एवढासा थर साडेतीनशे व्होल्ट अडवतो! गंमत म्हणजे तो कारखान्यात व्होल्टेज देऊनच तयार करतात आणि अ‍ॅम्प वापरात असला की तेच व्होल्टेज त्याची डागडुजी करत राहतं. वीस वर्षं माळ्यावर पडला की डागडुजी बंद, थर कमकुवत, रसायन सुकलेलं. अशात एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की करंट गळतो, गळला की तापतो, तापला की अजून गळतो, आत गॅस साठतो आणि फट्! सोबत मूळ ट्रान्सफॉर्मर जळाला तर मग कसलं ओरिजिनल घेऊन बसलात.

म्हणून इलेक्ट्रिशियनचा सीरिज बोर्ड. २३० च्या बाजूला फिलामेंटचा ६० वॅटचा बल्ब सीरिजमध्ये (एलईडी चालत नाही, दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकत एक काढून दिला). तो गार असताना ६५ ओहमच्या आसपास आणि पूर्ण पेटला की ८८० च्या घरात, म्हणजे आत शॉर्ट असेल तर बल्ब स्वतःच पेटून करंट दाबून धरतो. सगळे व्हॉल्व्ह काढून लावला, बल्ब क्षणभर लुकलुकला आणि जवळपास विझला. ट्रान्सफॉर्मर शाबूत!

काही जण म्हणतात व्हेरिअ‍ॅकने (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू व्होल्टेज वाढवा, पण ह्यात रेक्टिफायरसुद्धा (एसीचं डीसी करणारा भाग) व्हॉल्व्ह आहे, ५वाय३, त्याचं फिलामेंट नीट तापेपर्यंत कॅपॅसिटरला काही पोचतच नाही आणि तापलं की बरंच एकदम पोचतं, त्यामुळे ते हळूहळू फारसं हळूहळू राहत नाही.

सरळ कॅपॅसिटर बदलले. जुन्या कॅपॅसिटरमध्ये टोनची जादू असते म्हणणाऱ्यांनी सुकलेल्या फिल्टर कॅपॅसिटरची १०० हर्ट्झची घूंऽऽ ऐकावी. मात्र जुन्या कॅपॅसिटरचा मूळ गोल डबा पत्र्याच्या चॅसिसवर तसाच ठेवला, फक्त वायरी सोडवल्या आणि नवीन कॅपॅसिटर खाली आत बसवले. सिग्नलचे जुने कॅपॅसिटर डीसी गळत नव्हते, त्यांना हात लावला नाही. दोन पिनांची वायर मात्र गेली, तीन पिनांची अर्थिंगवाली आली, आणि मेन्सपासून चॅसिसला जोडलेला छोटा कॅपॅसिटरही काढला. त्या काळच्या कित्येक अमेरिकन अ‍ॅम्पमध्ये तो असायचा, नाव डेथ कॅप, कारण तो शॉर्ट झाला तर चॅसिस जिवंत, म्हणजे गिटारच्या तारा जिवंत, आणि ओठ अर्थ असलेल्या माइकला. काढलेलं सगळं पिशवीत घालून कॅबिनेटमध्येच चिकटवलं.

आणि प्लग काढला म्हणजे करंट गेला असं समजू नका, कॅपॅसिटरमध्ये तो साठलेला राहतो. दर वेळी १० के (दहा हजार ओहम), ५ वॅटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करायचं, मीटरवर शून्य बघायचं, डावा हात खिशात, म्हणजे चुकून झटका बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जायला नको.

शेवटी व्हॉल्व्ह घालून लावला. बल्ब भक्कन पेटला, मित्र दोन पावलं मागे सरकला, मग उजेड मंद होत गेला आणि स्पीकरमधून बारीक सूंऽऽ आली.