पॅनेलच्या पहिल्या रकान्यामागचा इतिहास

फ्लो सायटोमेट्रीत पेशींना रंग जोडलेल्या अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच चिकटणारी प्रथिनं, लावतात आणि लेझरच्या प्रकाशात एकेक पेशी तपासतात. कोणत्या रेणूला कोणता रंग, याची यादी म्हणजे पॅनेल. ते आखून देणारं सॉफ्टवेअर उघडलं, की ते सुरुवातीलाच तीन-चार गोष्टी विचारतं. पेशी माणसाच्या की उंदराच्या, यंत्र कोणतं, त्यात लेझर किती, आणि अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी ज्यांना चिकटते ते पेशीचे रेणू, कोणते. पहिल्या प्रश्नांची उत्तरं बसल्या जागी देता येतात. अँटिजेनच्या रकान्यापाशी मात्र नवा विद्यार्थी अडतो. यादीत शेकडो नावं असतात. सीडी८ निवडलं की पेशीवर ते किती असतं याबद्दल शेजारी 'जास्त' उमटतं, सीडी२५ निवडलं की 'कमी', आणि थोड्याच वेळात रंगांची वाटणी झालेला तक्ता समोर येतो. हे 'जास्त' आणि 'कमी' आलं कुठून, सीडीपुढचे आकडे कुणी दिले, अमुक अँटिजेनला तमुकच रंग का, या सगळ्याची उत्तरं चार-पाच दशकांच्या कामातून आणि चुकांतून आली आहेत. ती माहीत असली की रकाना भरणारा हात वेगळा चालतो, असं माझं ठाम मत आहे.

यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगतो. द्रवाच्या धारेतून पेशी एकामागोमाग एक सोडून प्रत्येकीची नोंद घ्यायची, या कल्पनेला वॉलेस कोल्टर यांना १९५३ मध्ये पेटंट मिळालं. त्यात पेशीमुळे विजेच्या वाटेत येणारा अडथळा मोजला जाई. १९६५ मध्ये लॉस अलामोसच्या मॅक फुलवायलर यांनी पेशी थेंबांत पकडून, त्या थेंबांना विद्युतभार देऊन वेगळ्या काढून दाखवल्या. स्टॅनफर्डचे लेनर्ड हर्झेनबर्ग मायक्रोस्कोपला डोळे लावून चमकत्या पेशी मोजण्याला कंटाळले होते. त्यांनी फुलवायलर यांच्या यंत्राचे आराखडे मिळवले आणि त्याला प्रकाश ओळखण्याची जोड दिली. १९६९ मध्ये त्यांच्या गटाचं पहिलं यंत्र जाहीर झालं, १९७२ मध्ये त्यात लेझर आला. त्याच सुमारास, १९६८ मध्ये, जर्मनीत म्युन्स्टरला वोल्फगांग ग्योडे यांनीही फ्लुरोसन्स, म्हणजे पेशींवरच्या रंगाची चमक, मोजणारं यंत्र घडवलं होतं.

यंत्र आलं, पण पेशीवर नेमकं पाहायचं काय? तोवर प्राण्यांच्या रक्तातून काढलेलं सीरम वापरलं जाई. त्यात अनेक प्रकारच्या अँटिबॉडी एकत्र असत, आणि या खेपेची बाटली पुढच्या खेपेशी जुळेलच याची खात्री नसे. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्जेस कोलर आणि सेझार मिल्स्टीन यांनी एकाच साच्याची अँटिबॉडी अखंड बनवत राहणाऱ्या पेशी तयार केल्या. १९८४ च्या नोबेलमध्ये त्यांच्यासोबत नील्स येर्ने होते. हर्झेनबर्ग पुढे वर्षभर मिल्स्टीन यांच्या प्रयोगशाळेत राहिले, आणि अशा पेशींसाठी 'हायब्रिडोमा' हा शब्द त्यांनीच सुचवला. पेशी ओळखणारं यंत्र आणि पेशी ओळखणारी अँटिबॉडी अशी एकाच माणसाच्या टेबलावर आली, ही या इतिहासातली फार मोलाची गोष्ट आहे.

मग नावांचा गोंधळ सुरू झाला. प्रत्येक प्रयोगशाळा नवी अँटिबॉडी काढी आणि तिला आपलं नाव देई. एकाच रेणूला कुणी ओकेटी४ म्हणे, कुणी ल्यू-३, कुणी टी४. शोधनिबंध वाचणाऱ्याला दोन गट एकाच पेशीबद्दल बोलताहेत की वेगवेगळ्या, हे कळत नसे. १९८२ मध्ये पॅरिसला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. ठिकठिकाणच्या अँटिबॉडी एकत्र केल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले, आणि कोणती अँटिबॉडी कोणत्या पेशींना चिकटते याची तपासणी अनेक प्रयोगशाळांत झाली. ज्यांचा चिकटण्याचा नमुना जुळला त्यांचा एक पुंजका केला आणि पुंजक्याला क्रमांक दिला. सीडी म्हणजे क्लस्टर ऑफ डिफरन्सिएशन, आणि यातला 'क्लस्टर' हा शब्द या संख्याशास्त्रीय गटवारीतूनच आला. म्हणजे आज यादीत दिसणारं 'सीडी४' हे नाव आधी अँटिबॉडींच्या गटाचं होतं. रेणूची रासायनिक ओळख बहुतेक ठिकाणी मागाहून पटली.

हे सांगायचं कारण असं की सॉफ्टवेअरमध्ये अँटिजेन निवडल्यावर पुढचा रकाना 'क्लोन'चा, म्हणजे अँटिबॉडी कोणत्या एका पेशीच्या वंशातून आली त्याचा, येतो, आणि विद्यार्थी तो पाहतही नाहीत. एकाच सीडी क्रमांकाच्या दोन क्लोनची पकड एकाच जागी असेल असं नाही. एखादा क्लोन पेशी फिक्स केल्यावर, म्हणजे रसायनाने आहे तशी पक्की केल्यावर, चिकटतच नाही, एखादा उत्तम चिकटतो. पॅरिसला जो पुंजका झाला तो साम्यामुळे झाला, पण पुंजक्यातले सगळे एकजीव नव्हते. त्यानंतर कार्यशाळा होत राहिल्या, आणि २०१४ च्या दहाव्या कार्यशाळेने यादी सीडी३७१ पर्यंत नेली.

या यादीतला एकच अँटिजेन मराठी घरांत पोचला. एचआयव्ही ज्या पेशींवर घाला घालतो त्यांच्यावर सीडी४ असतो, आणि विषाणू आत शिरतानाही त्यालाच धरतो, हे १९८४ मध्ये स्पष्ट झालं. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये अशा किती पेशी उरल्या आहेत, यावर उपचार ठरू लागले. पुण्यात १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. एप्रिल २००४ पासून भारतात सरकारी केंद्रांत मोफत औषधं मिळू लागली, तेव्हा लक्षणं नसलेल्यांसाठी उंबरठा २०० चा होता. पुढे तो वर सरकत गेला आणि २०१७ मध्ये आकडा न पाहता सर्वांना उपचार सुरू झाले. 'माझा सीडीफोर किती आला?' हा प्रश्न उपचारकेंद्राच्या रांगेत उभ्या असलेल्या, शाळेची पायरीही न चढलेल्या माणसाच्या तोंडीही आला. फ्लो सायटोमेट्रीतल्या अँटिजेनची निवड इतकी थेट कुणाच्या आयुष्याला भिडल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

सीडी४ मोजणं तसं सोपं होतं. पेशीवर त्याचे हजारो रेणू असतात, आणि टी पेशींत (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) आहे की नाही हे स्वच्छ दिसतं. दोन-तीन रंगांत काम भागे. अडचण रंग वाढल्यावर झाली. दोन रंग एकाच वेळी मोजताना एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या डिटेक्टरमध्ये (प्रकाश टिपणाऱ्या भागात) सांडतो, हे १९७७ मध्येच स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं होतं. सांडलेला भाग वजा करणारं सर्किटही त्यांनी बनवलं होतं. तेच आजचं कॉम्पेन्सेशन. १९८२ मध्ये लाल शैवालातला फायकोएरिथ्रिन, म्हणजे पीई, हा रंग हाती आला. तो आधीच्या फ्लुरोसीन या रंगापेक्षा कितीतरी झळझळीत होता आणि त्याच लेझरवर चाले. दोन रंगांचं काम मग घरोघरच्या प्रयोगशाळांत सुरू झालं, पुढे तीन, चार, सहा.

बरीच वर्षं समज असा होता की कॉम्पेन्सेशन नीट केलं की सांडण्याचा प्रश्न मिटला. हा समज मोडणारा शोधनिबंध मारिओ रोडरर यांनी २००१ मध्ये लिहिला, आणि पॅनेल आखण्याचं आजचं शास्त्र माझ्या मते तिथून सुरू होतं. प्रकाश कणाकणाने येतो, म्हणून प्रत्येक मोजणीत थोडी चूक असतेच. सांडलेला प्रकाश वजा केला की सरासरी जागेवर येते, पण चुकीमुळे आलेला पसरटपणा वजा होत नाही. तो त्या डिटेक्टरमध्ये तसाच राहतो. तिथे जर फिकट अँटिजेन बघायचा असेल, तर तो या पसरटपणात बुडून जातो. पेशी खऱ्या असतात, अँटिजेन खरा असतो, आणि आलेखावर काहीच दिसत नाही.

यातून अँटिजेनकडे पाहण्याची नजर बदलली. कोणता रंग कुठे सांडतो हे यंत्रावर ठरतं. पण त्या सांडण्याने नुकसान होईल का, हे त्या पेशीवर कोणते अँटिजेन एकत्र बसले आहेत यावर ठरतं. सीडी३ टी पेशींवर आणि सीडी१९ बी पेशींवर असतो, दोन्ही एका पेशीवर सहसा नसतात. त्यांचे रंग एकमेकांत सांडले तरी फारसं बिघडत नाही. सीडी४ आणि सीडी२५ मात्र एकाच पेशीवर पाहायचे असतात, म्हणून त्यांचे रंग दूर हवेत.

२००७ मध्ये योलांडा मान्के आणि रोडरर यांनी अँटिजेनच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर सीडी३, सीडी४ यांसारखे ओळखीचे अँटिजेन, एकतर आहेत किंवा नाहीत. दुसऱ्या पायरीवर सीडी२७, सीडी४५आरए यांसारखे, माहिती पुरेशी असलेले पण कमी-जास्त प्रमाणात पसरलेले. तिसऱ्या पायरीवर फिकट किंवा नीट न अभ्यासलेले. रंगवाटपात पहिला मान तिसऱ्या पायरीला. सर्वांत झळझळीत रंग सर्वांत फिकट अँटिजेनला द्यायचा आणि सीडी३ला उरलासुरला रंगही चालतो. सॉफ्टवेअरमधला 'जास्त-मध्यम-कमी' हा रकाना या पायऱ्यांचाच वारस आहे.

पण निवडीचा सगळा भार रंगांवर टाकणं चूक ठरेल. नियामक, म्हणजे रोगप्रतिकार आवरता ठेवणाऱ्या, टी पेशींचंच घ्या. त्यांची खरी खूण एफओएक्सपी३ हे प्रथिन, आणि ते केंद्रकात असतं. तिथवर पोचायला पेशी फिक्स करून तिच्या पटलाला भोकं पाडावी लागतात, म्हणजे ती जिवंत राहत नाही. पेशी वेगळ्या काढून पुढे वाढवायच्या असतील तर? २००६ मध्ये दोन गटांनी दाखवलं की सीडी४ असलेल्या, सीडी२५ भरपूर आणि सीडी१२७ कमी असलेल्या पेशी जवळपास त्याच असतात. एक अँटिजेन बदलला आणि मेलेल्या पेशींच्या मोजणीतून जिवंत पेशींचा प्रयोग शक्य झाला. असा बदल सुचायला पेशीचं शास्त्र यावं लागतं. रंगांच्या आलेखात तो दिसत नाही.

रक्ताच्या कर्करोगात निवडीचा प्रश्न आणखी काटेकोर असतो, कारण कर्करोगी पेशी नियम पाळत नाहीत. सीडी५ हा मुळात टी पेशींचा अँटिजेन, तो बी पेशींवर सीडी१९सोबत दिसला की क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाची शंका येते. युरोपातल्या युरोफ्लो गटाने २०१२ मध्ये आपली आठ रंगांची पॅनेलं प्रसिद्ध केली. प्रत्येक पॅनेल आखलं, रुग्णांच्या नमुन्यांवर चालवलं, तपासलं आणि पुन्हा आखलं. अशा २ ते ७ फेऱ्या झाल्या. कोणता अँटिजेन निदानात खरोखर भर घालतो आणि कोणता नुसती जागा अडवतो, हे पाहायला अनेक अँटिजेनची माहिती एकत्र तोलणारं सॉफ्टवेअर वापरलं गेलं. निवडीच्या कामात संगणकाने इतकी मन लावून मदत केल्याचं हे मला सर्वांत आवडतं उदाहरण.

दरम्यान रंग वाढतच होते. २००४ मध्ये सतरा रंगांचं काम प्रसिद्ध झालं होतं. २०१० पासून 'सायटोमेट्री पार्ट ए' हे नियतकालिक तपासून सिद्ध झालेली पॅनेलं ओमिप या नावाने छापू लागलं. त्यात प्रत्येक अँटिजेन का घेतला, कोणते क्लोन आणि रंग करून पाहिले, हे लिहावं लागतं. नव्या माणसाने सॉफ्टवेअरआधी आपल्या विषयाचं ओमिप शोधावं, असं मी नेहमी सांगतो. जांभळ्या लेझरवर बरीच वर्षं फिकट रंगांवरच भागवावं लागे. २०१२ च्या सुमारास वीजवाहक पॉलिमरपासून बनवलेले ब्रिलियंट व्हायोलेट रंग आले आणि फिकट अँटिजेनना नवी जागा मिळाली. त्या पॉलिमरांच्या शोधाला २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

दहा अँटिजेन आणि दहा रंग असले तर जोड्या लावण्याचे ३६,२८,८०० मार्ग होतात. प्रत्येक अँटिबॉडी प्रत्येक रंगात विकत मिळत नाही, म्हणून संख्या घटते, पण वहीत पेन्सिलीने सोडवण्यापलीकडेच राहते. जुने जाणते हे अनुभवावर सोडवत. मग २०१३ मध्ये रोडरर यांच्याच गटाने कोणता रंग कोणत्या डिटेक्टरमध्ये किती पसरटपणा आणतो याचा तक्ता मांडण्याची रीत दिली. अनुभवी माणसाच्या बोटांत असलेलं ज्ञान अशा रीतीने आकड्यांत आलं, आणि सॉफ्टवेअरला तोलायला काहीतरी हाती लागलं. संपूर्ण वर्णपट वाचणाऱ्या यंत्रांनी पुढे रंगांच्या साम्याचा, शून्य ते एक या मापातला निर्देशांक रूढ केला. २०२० मध्ये चाळीस रंगांचं पॅनेल ओमिप म्हणून छापलं गेलं.

तक्त्यातले रंगांचे आकडे आता चांगले आहेत. अँटिजेनचे आकडे तितके नाहीत, कारण ते बहुधा निरोगी माणसाच्या, शांत पेशींवरून आलेले असतात. सीडी२५ पुढे 'कमी' लिहिलेलं असतं, पण टी पेशीला उत्तेजित करून दोन दिवस ठेवलं की तोच सीडी२५ भरभरून वर येतो. मग त्याला दिलेला झळझळीत रंग शेजारच्या डिटेक्टरांत पसरू लागतो, आणि तिथला जो अँटिजेन शांत पेशींत स्वच्छ दिसायचा तो धूसर होतो. म्हणून आपल्याच नमुन्यावर, आपल्याच उत्तेजनानंतर, प्रत्येक अँटिजेन आधी एकेकट्या नळीत रंगवून पाहावा आणि 'जास्त-मध्यम-कमी'चा रकाना त्यावरून स्वतः भरावा. बहुतेक सॉफ्टवेअर तो रकाना बदलू देतात.