पाच मिलिग्रॅमची गोळी ‘अर्धी’ नसते

“सेट्रिझिन १० मिलिग्रॅमची, लिव्होसेट्रिझिन ५ची, म्हणजे ही अर्ध्या ताकदीची, दोन घ्या!” सर्दीच्या दिवसांत ॲलर्जीवरच्या या दोन गोळ्यांबद्दल हा सल्ला हमखास फिरतो. आकडे बरोबर आहेत, हिशेब चुकतो.

सेट्रिझिनचा रेणू दोन रूपांत असतो, डाव्या-उजव्या हातांसारखा: घडण तीच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. उजवा हातमोजा डाव्या हातात नीट बसत नाही ना? तसंच शरीरात हिस्टामिन (शिंका, खाज आणणारं रसायन) जिथे चिकटतं, त्या जागी यातलं एकच रूप घट्ट बसतं. सेट्रिझिनच्या गोळीत दोन्ही रूपं निम्मी-निम्मी, लिव्होसेट्रिझिनमध्ये फक्त कामाचं. म्हणून ५ मिलिग्रॅम पुरतात. दोन घेतल्या तर डोस दुप्पट होतो, गुंगीही वाढू शकते.

नुसत्या प्रतिबिंबाने एवढा फरक? नाकाला विचारा. बाळंतशोपा चुरडून हुंगा, मग पुदिना. बाळंतशोपेत कार्व्होन नावाचं वासाचं द्रव्य असतं, बहुतेक पुदिन्यातही तेच, फक्त आरशातलं. वास मात्र कुठल्या कुठे! (मला हा प्रयोग पुस्तकापेक्षा जास्त पटला.)

आता घरातली स्ट्रिप काढून औषधाचं मूळ नाव वाचा. सुरुवातीला ‘लिव्हो’ असेल, तर ५चा आकडा पाहून गोळ्या वाढवू नका. शंका असल्यास डॉक्टरांना विचारा.