हतनूर जलाशय

जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ तापी नदीवर बांधलेल्या हतनूर धरणाचा विस्तीर्ण, उथळ जलाशय. धरण 1982 मध्ये पूर्ण झाले. त्याला 41 दरवाजे आहेत. भारतातील महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांत हतनूरची गणना होते. समुद्र नसलेल्या खान्देशात पाणपक्षी पाहायचे तर आधी इथेच यावे.

धरणाच्या वरच्या अंगाला चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते. पूर्णा वऱ्हाडातल्या काळ्या रानांतून येते, ती गाळ घेऊनच. या गाळाने पाणीसाठा घटला, ही शेतीची आणि पाणीपुरवठ्याची खरी अडचण आहे. पक्ष्यांना मात्र त्यानेच उथळ काठ दिले. थंडीत मोठी लालसरी हे बदक बुडी मारून पाणवनस्पती खाते, तलवार बदक शेपूट वर करून तळ चाचपते, थापट्या बदक रुंद चोचीने पाणी गाळून बारीक जीव टिपते. पट्टकादंब हे हंसासारखे मोठे पक्षी हिमालय ओलांडून येतात आणि काठच्या गहू-हरभऱ्यात चरतात. माघात चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते, तेव्हाही हे पाहुणे मुक्कामालाच असतात.

ते परतले की पाणी उतरू लागते आणि जलाशयात वाळू-गाळाची बेटे उघडी पडतात. त्यांवर नदी सुरय आणि छोटी आर्ली हे पक्षी वीण घालतात. घरटे कसले, वाळूत उकरलेला एक खळगा. त्यातली ठिपकेदार अंडी पायाशी असली तरी चटकन दिसत नाहीत. भुसावळचा पारा 45 अंशांच्या घरात जातो तेव्हा सुरय पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवतो आणि तसाच ओला येऊन अंड्यांवर बसतो. पाणी फार उतरले तर बेट काठाला लागते. मग गुरे आणि भटकी कुत्री थेट घरट्यांपर्यंत पोचतात.

धुळे जिल्ह्यातील अनेर धरणाचा परिसर 1986 पासून अभयारण्य आहे. हतनूरला तो दर्जा नाही. इथे मासेमारी चालते, उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर पिके घेतली जातात आणि त्यावर अनेक घरे चालतात. त्यामुळे सगळा जलाशय माणसांना बंद करणे न्याय्य नाही. विणीच्या बेटांवर मार्च ते जून कोणी उतरू नये आणि गुरे सोडू नयेत, एवढे बंधन मात्र अत्यावश्यक आहे. पक्ष्यांची शिकार वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार इथेही गुन्हाच आहे.