स्वस्तातला रेडिएटर घेताना: काय मोजायचं, काय तपासायचं
मोटरसायकलसाठी पर्यायी रेडिएटर घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडीच्या कंपनीचा मूळ रेडिएटर आणि बाहेरच्या उत्पादकाचा त्याच मापाचा रेडिएटर यांच्या किमतीत बरीच तफावत असते. त्यामुळे स्वस्त माल गाडी थंड ठेवेल का, हा प्रश्न आधी येतो. जाळीपुरतं बोलायचं तर बहुतेक वेळा ठेवतो. अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या नळ्या, त्यांच्यामध्ये दुमडलेल्या पातळ पत्र्या आणि हे सगळं भट्टीत एकजीव केलेलं. या कामात आता फारसं काही चुकत नाही. कसर काढलेली असते ती कडेच्या कामात: कॅपचं तोंड, होजच्या (रबरी पाइपच्या) नळ्या, बसवायचे कान, सेन्सरचे आटे, जाळीच्या कडेच्या टाकीच्या आतला पडदा. या पत्रकात जाळीपेक्षा या जागांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

दोष रेडिएटरचाच आहे ना?

सिग्नलला उभी असताना गाडी तापते आणि वेग घेतला की तापमान उतरतं, असं असेल तर संशय फॅनवर घ्या. फॅनच्या मोटरला बॅटरीतून थेट १२ व्होल्ट देऊन पाहा. फिरली तर मोटर ठीक आहे. फ्यूज, रिले किंवा स्विच शोधा. उलट, हळू चालवताना ठीक आणि वेगात तापते, तर कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) प्रवाह कमी आहे किंवा जाळी आतून-बाहेरून चोंदली आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, तपासणं सोपं आहे: पाण्याच्या भांड्यात तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने टांगा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास, बहुतेक गाड्यांत ८० ते ८५ अंशांना, तो उघडू लागला पाहिजे. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून कूलंटचा थेंब येत असेल तर पंपाचा सील गेला आहे. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज टणक झाला, किंवा कॅप काढून सुरू केलेल्या इंजिनात तोंडाशी बुडबुडे थांबतच नाहीत, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनच्या हेडखालच्या सीलमधून) सिलिंडरचा दाब कूलंटमध्ये शिरतोय. अशा गाडीला नवा रेडिएटर लावला तरी दुखणं तिथेच राहतं.

पत्र्या नुसत्या वाकल्या असतील तर रेडिएटर बदलायची गरज नसते. प्रेशर वॉशर जवळून मारल्याने हे हमखास होतं. पत्र्या सरळ करायची फणी मिळते, तिने हळूहळू उभ्या करा. मात्र पत्र्यांचा बोटाने भुगा होत असेल, जाळी आणि टाकीच्या सांध्यावर पांढरट पूड साचली असेल किंवा नळीच फुटली असेल, तर बदलायची वेळ झाली. लीक बंद करणारी पूड किंवा द्रव घालून वेळ मारून नेऊ नका. ते भोकाइतक्याच आनंदाने चांगल्या नळ्याही बुजवतं.

मॉडेलच्या नावावर भरवसा ठेवू नका

एकाच नावाच्या गाडीचे रेडिएटर वर्षागणिक बदलतात. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं की सेन्सरची जागा बदलते, एबीएस आलं की कान सरकतात, फेअरिंग (गाडीचं बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) बदललं की तोंडाचा कोन बदलतो. चासी नंबरवरून मूळ पार्ट नंबर काढा आणि त्याच्याशी जुळणारा माल मागा. ‘अमुक ते अमुक सालच्या सगळ्या मॉडेलना बसतो’ असं कुणी सांगितलं, तर ते गृहीत न धरता मोजून घ्या.

जुना रेडिएटर काढल्यावर व्हर्नियर (बारीक मोजमापाची सरकपट्टी) घेऊन जाळीची उंची, रुंदी, जाडी आणि कानांच्या भोकांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजा. होजच्या नळ्यांचा बाहेरचा व्यास घ्या, आणि टोकाला जो गोल उभार असतो त्याचा वेगळा. नळी कुठल्या दिशेला आणि किती अंशांत वळली आहे हे मोजण्यापेक्षा फोटो काढणं बरं: समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. काही गाड्यांची जाळी वरून पाहिल्यावर किंचित कमानदार असते. तिच्या जागी सपाट जाळी आली की सगळी मापं जुळूनही फेअरिंगचे पॅनल बसत नाहीत.

जाड जाळी म्हणजे जास्त थंड?

दुकानात जाड रेडिएटर जास्त खपतो. १६ मिलिमीटरच्या जागी २६ किंवा ३२ मिलिमीटर दिसलं की चांगलं घेतल्यासारखं वाटतं. वेगात हवा जोराने येते तेव्हा जाडीचा खरोखर फायदा होतो. पण गर्दीत, जिथे गाडी जास्त तापते, तिथे हवा ओढायचं काम एकट्या फॅनचं, आणि जाड, दाट पत्र्यांच्या जाळीतून छोट्या फॅनला हवा ओढवत नाही. शिवाय वाढलेली जाडी कुठेतरी जागा खातेच. मागे फॅन इंजिनला किंवा बेंड पाइपला टेकतो, नाहीतर पुढे चाकाला जागा उरत नाही. उभ्या गाडीत चार बोटं अंतर दिसलं तरी पुढचे शॉकअप पूर्ण दबल्यावर चाक आणि मडगार्ड बरेच वर-मागे येतात. रोजच्या वापराच्या गाडीला मूळ जाडीच घ्या, असं आमचं मत आहे.

रंगाचंही तसंच. काळ्या रंगाचा पातळ हात चालतो, पण पत्र्यांच्या फटी भरतील असा जाड लेप दिला असेल तर तो माल सोडून द्या. जाळी उजेडासमोर धरून तिरक्या कोनातून पाहिली की लेप कुठे साचला आहे ते लगेच कळतं.

बसवण्याआधी टेबलावर

या कामाला अर्धा-पाऊण तास लागतो आणि बहुतेक भांडणं इथेच मिटतात. जुना रेडिएटर शेजारी ठेवा.

पहिल्यांदा कॅपचं तोंड पाहा. कॅप नुसती झाकण नाही. तिच्यात स्प्रिंगवरचा दाबाचा व्हॉल्व्ह असतो, आणि तो तोंडाच्या आतल्या गोल पायरीवर टेकतो. कॅपवरचा १.१ हा आकडा म्हणजे सुमारे १.१ बार दाबाला व्हॉल्व्ह उघडेल, आणि या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२२ अंशांच्या आसपास उकळतं. पण स्प्रिंग किती दबते हे तोंडाच्या काठापासून त्या पायरीपर्यंतच्या खोलीवर ठरतं. नवं तोंड मिलिमीटरभर जरी जास्त खोल निघालं तरी स्प्रिंग कमी दबते, व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि गाडी तापलेली नसतानाही कूलंट ओव्हरफ्लो टाकीत (जादा कूलंटच्या वेगळ्या छोट्या टाकीत) जाऊन बाहेर सांडतं. तोंड उथळ असेल तर दाब वाढतो आणि सगळ्यात कमजोर होज किंवा सांधा फुटतो. व्हर्नियरच्या मागच्या काडीने दोन्ही तोंडांची खोली मोजा. पायरीवरून बोट फिरवा: वेल्डिंगचा दाणा, चरा किंवा रंगाचा थेंब लागला तर सील धरणार नाही.

वरच्या काठाकडेही लक्ष द्या. इंजिन थंड होताना रेडिएटर ओव्हरफ्लो टाकीतून कूलंट परत ओढतो. काठ वाकडा असेल तर कूलंटऐवजी बाहेरची हवा आत येते. मग ओव्हरफ्लो टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा होत जातो.

आता आतला पडदा. होजच्या दोन्ही नळ्या एकाच बाजूच्या टाकीला असतील तर त्या टाकीत मध्ये आडवा पडदा असायला हवा. त्यामुळेच कूलंट वरच्या नळ्यांतून पलीकडे जाऊन खालच्या नळ्यांतून परत येतं. हा पडदा वेल्ड करायचा राहिला, तर कूलंट वरून शिरून सरळ खालून बाहेर पडतं, जाळीत जातच नाही. रेडिएटर नवा, गळती शून्य आणि गाडी तरी उकळते. बाहेरून यातलं काही दिसत नाही. वरच्या नळीतून मऊ, वाकणारी वायर खाली सरकवा. ती मध्ये अडली पाहिजे. थेट खालच्या नळीशी पोचली तर बसवण्याची घाई न करता तो रेडिएटर परत करा.

सेन्सर किंवा फॅन-स्विचचे आटे जुना स्विच हाताने फिरवून तपासा. दोन-तीन फेरे बोटांनी गेले पाहिजेत. पान्याने जबरदस्ती केली तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे लगेच जातात. स्विचला एकच वायर असेल तर त्याला अर्थिंग रेडिएटरच्या अंगातूनच मिळतं. रेडिएटर रबरावर बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या अंगापासून चासीपर्यंत अर्थची वायर हवी. तिच्याखालचा रंग खरवडून काढा आणि स्विचच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर गुंडाळू नका, नाहीतर फॅन फिरणारच नाही.

वेल्डिंगची शिवण सलग आणि एकसारखी असावी. कानांच्या मुळाशी विशेष पाहा, कारण कंपनाने पहिली चीर तिथे जाते.

शेवटी दाबाची चाचणी. नळ्यांवर जुन्या होजचे तुकडे चढवा, त्यांच्या दुसऱ्या टोकांना बूच मारून क्लिपा आवळा आणि एका बुचात सायकलचा व्हॉल्व्ह बसवा. सेन्सरचं भोक बंद करा, कॅप लावा. मीटर असलेल्या हातपंपाने ०.८ बारपर्यंत हवा भरून सगळा रेडिएटर पाण्यात बुडवा आणि १० मिनिटं ठेवा. सुरुवातीला पत्र्यांत अडकलेली हवा सुटते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. एकाच जागेतून सातत्याने येणारे बुडबुडे म्हणजे गळती. या दाबाला ओव्हरफ्लोच्या बारीक नळीतून बुडबुडे आले तर कॅप आणि तोंड जमत नाहीत. जुनी कॅप लावून हे होत असेल तर त्याच आकड्याची नवी लावून पाहा. कॉम्प्रेसर थेट जोडू नका, आणि बुचासमोर तोंड आणू नका, ते सुटून उडतं.

बसवताना

रेडिएटर आधी आतून धुवा. कारखान्यातला कीस आणि भट्टीतल्या रसायनाची पूड आत राहते आणि ती थेट पंपाच्या सीलवर जाते. डिस्टिल्ड वॉटर भरून हलवा, ओता. स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा.

जुने रबरी बुश आणि त्यांच्या आतल्या धातूच्या नळ्या नव्या कानांत घाला. बोल्ट आवळल्यावर रेडिएटर हाताने किंचित हलला पाहिजे. तो घट्ट बसला असेल तर बुश राहिलाय किंवा कान वाकडा आहे. कान अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे असेल तर ओढून बोल्ट घालू नका. ताणाखाली बसवलेल्या रेडिएटरची वेल्डिंग फार टिकत नाही.

फॅनच्या स्क्रूची लांबी तपासा. नव्या रेडिएटरची पट्टी पातळ असली तर जुना स्क्रू आरपार जाऊन नळीला भोक पाडतो. स्क्रू नुसता ठेवून किती बाहेर येतो ते पाहा, जास्त येत असेल तर वॉशर घाला किंवा आखूड स्क्रू वापरा. जोडल्यावर कागदाचा कपटा जाळीच्या पुढे धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. दूर उडाला तर फॅनच्या वायरी उलट्या लागल्या आहेत.

होज तडकलेला किंवा फुगलेला असेल तर आत्ताच बदला. क्लिप नळीच्या उभाराच्या मागे बसवा, उभारावर नाही. रबर क्लिपच्या कडेने जरासं वर येईल इतकंच आवळा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज आणि वायरी कुठे अडकत नाहीत ना ते पाहा.

कूलंट आणि हवा

अ‍ॅल्युमिनियम इंजिनसाठीचं, सिलिकेट नसलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. तयार मिश्रण घेतलं असेल तर त्यात पाणी घालू नका. नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. कूलंट जास्त घातलं म्हणजे इंजिन जास्त थंड होत नाही, उलटच होतं, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी सरस आहे. वेगवेगळ्या प्रकारची कूलंट मिसळू नका. रंग सारखा म्हणजे प्रकार सारखा असं नसतं.

हळूहळू ओता, मधूनमधून होज दाबा आणि गाडी दोन्ही बाजूंना कलती करा. पंपावर किंवा हेडवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून बुडबुड्यांशिवाय धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. कॅप न लावता इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, ती भरा, कॅप लावा. फॅन आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडीजवळून हलू नका. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण गार होऊ द्या, मगच कॅप उघडून पातळी पाहा आणि क्लिपा पुन्हा तपासा. गरम असताना कॅप उघडली तर उकळतं कूलंट अंगावर येतं. सांडलेलं कूलंट लगेच पुसा. ते चवीला गोड आणि विषारी असतं, आणि कुत्री-मांजरं ते चाटतात.

आमच्याकडे मागणी नोंदवताना

मूळ पार्ट नंबर, गाडीचं साल, कॅपवरचा आकडा आणि वर सांगितलेले चार फोटो पाठवा. फॅन जुनाच वापरणार का तेही लिहा. रेडिएटर हाती आल्यावर टेबलावरची तपासणी होईपर्यंत त्यात कूलंट घालू नका आणि खोकं फेकू नका. बसवलेला, वाकलेला किंवा कूलंट घातलेला रेडिएटर बदलून देता येत नाही. पडदा नसणं, तोंडाची खोली चुकणं, आटे न जुळणं आणि चाचणीत बुडबुडे येणं या कारणांसाठी न बसवलेला माल बदलून मिळतो. गळतीची तक्रार असेल तर पाण्यातल्या चाचणीचा छोटा व्हिडिओ काढा आणि त्यात पंपाचं मीटर दिसू द्या. नवा रेडिएटर नीट चालतोय याची खात्री होईपर्यंत जुना भंगारात देऊ नका, माप पुन्हा पाहायचं झालं तर तोच लागतो.