स्किपर की पतंग? आधी मिशा बघा

जाडजूड केसाळ अंग, मळकट तपकिरी रंग, आणि नजर ठरायच्या आत पानावरून गायब. पावसाळी जंगलात असं काही दिसलं की आपण 'पतंग' म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा तो स्किपर असतो, म्हणजे हेस्पेरिडी कुळातलं फुलपाखरू.

'दिवसा फुलपाखरू, रात्री पतंग' हा नियम इथे खुशाल सोडून द्या. उष्ण कटिबंधातले कितीतरी स्किपर पहाटे आणि तिन्हीसांजेला उडतात, तर भर उन्हात फिरणारे रंगीबेरंगी पतंगही कमी नाहीत. कोषावरूनही ठरवता येत नाही. पानांच्या घरात रेशीम विणून कोषात जाणं दोघांकडेही आढळतं.

मी आधी मिशा बघतो. स्किपरच्या मिशा डोक्यावर एकमेकींपासून दूर उगवतात, टोकाकडे जाड होतात आणि बहुतेकदा आकड्यासारख्या वळतात. पतंगाच्या मिशा सहसा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या. अळी सापडली तर काम आणखी सोपं होतं: स्किपरच्या अळीचं डोकं मोठं आणि मान आवळल्यासारखी बारीक. पान गुंडाळून ती आत राहते आणि विष्ठा लांब भिरकावते. विष्ठेच्या वासावर गांधीलमाश्या येतात, त्यामुळे घर स्वच्छ ठेवणं तिच्यासाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

आणखी एक खूण पंखांत दडलेली असते. बहुतेक पतंगांच्या मागच्या पंखाच्या मुळाशी एक किंवा अनेक राठ केस असतात. ते पुढच्या पंखाखालच्या आकडीत अडकतात आणि दोन्ही पंख एकत्र हलतात. फुलपाखरांत ही सोय नसते. अपवाद एकच, आणि मला तो फार आवडतो: पूर्व ऑस्ट्रेलियाच्या वर्षावनांतला रीजंट स्किपर, युस्केमॉन राफ्लेसिया. काळ्या पंखांवर पिवळे ठिपके, डोक्यावर आणि शेपटाकडे लाल रंग, बसताना पंख सपाट पसरलेले. त्याच्या उपकुळात दुसरी जातच नाही.

त्याच देशात सन मॉथ नावाचे पतंग आहेत. ते उन्हात उडतात आणि त्यांच्या मिशा टोकाला गाठीसारख्या फुगलेल्या असतात. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. मिशा, पंख, अळी, सगळं मिळून बघावं.

रीजंट स्किपरच्या पंखांतला तो केसही फक्त नरालाच असतो. मादीचे पंख इतर फुलपाखरांसारखेच मोकळे.